ऊन पाण्याचा हिशेब

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीच्या दिवशीं, पहांटे चार-साडेचारच्या सुमारास, घरांतील साऱ्या मंडळींस एकाच वेळीं ऊन पाणी लागतें. तेल-उटणें लावून झालेलें असतें, थंडी अंगास झोंबत असते, आणि सूर्य उगवावयास अद्याप दोन तास अवकाश असतो. घरच्या ऊन पाण्याच्या व्यवस्थेची खरी परीक्षा वर्षांतून एकदां याच वेळीं होते. आणि तींत नापास झालेलें घर पुढें आठ-पंधरा दिवस नव्या गीझरची चर्चा करीत बसतें. दुकानदार सांगतो तें, शेजारी सांगतात तें आणि विजेच्या बिलावर दिसतें तें, या तिहींचा मेळ कांहीं केल्या बसत नाहीं. शेवटीं जें यंत्र त्या आठवड्यांत सवलतींत मिळतें तेंच घरांत येऊन भिंतीवर चढतें, आणि दहा-बारा वर्षें तेथून हलत नाहीं. म्हणून या निवडीचा हिशेब आधीं कागदावर मांडलेला बरा. त्यास शाळेंत शिकलेल्या गणितापलीकडे कांहीं लागत नाहीं.

एक लिटर पाण्याचें उष्णतामान एक अंश सेल्सिअसनें वाढविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. विजेचें एक युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास, पूर्णपणें उष्णतेंत बदललें तर ८६० किलोकॅलरी मिळतात. आतां पुण्यांतील पांच माणसांचें एक कुटुंब घ्यावें. प्रत्येकास एक मोठी बादली, म्हणजे २० लिटर पाणी, आणि तें ४० अंशांचें. हिवाळ्यांत नळाचें पाणी १५ अंशांचें धरलें तर १०० लिटर पाणी २५ अंशांनीं तापवावें लागतें. उष्णता लागली २,५०० किलोकॅलरी, म्हणजे जवळजवळ २.९ युनिटें. हा आंकडा निसर्गाचा आहे. कोणत्याही कारखानदारास तो कमी करतां येत नाहीं. मनुष्यास करतां येण्याजोग्या गोष्टी तीनच उरतात. ऊन पाणी कमी वापरावें, तापविलेली उष्णता वांया जाऊं देऊं नये, किंवा ती उष्णता जेथें स्वस्त अथवा फुकट मिळते तेथून आणावी.

यांपैकीं पहिल्या गोष्टीविषयीं फार बोलण्याचें कारण नाहीं, परंतु एक सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मिनिटास १० लिटर पाणी सोडणाऱ्या फवाऱ्याखालीं आठ मिनिटें उभें राहिलें कीं ८० लिटर पाणी गेलें. म्हणजे घरांतील एका तरुणाच्या एका आंघोळींत चार जणांच्या बादल्या वाहून जातात, आणि मग दोष बिचाऱ्या गीझरवर येतो. नवें यंत्र आणण्यापूर्वीं फवाऱ्याखालीं बादली धरून ती किती वेळांत भरते हें घड्याळ लावून पाहावें. बादली आणि तांब्या यांच्याइतकें काटकसरीचें साधन अद्याप कोणीं काढलेलें नाहीं.

जुन्या घरांतील तांब्याचा बंब हें यंत्र मोठ्या विचारानें केलेलें होतें. मध्यभागीं उभें नळकांडें, त्यांत ढलप्या आणि कोळसे, आणि सभोंवार पाणी. विस्तव बाहेरून भांड्यास चाटत नाहीं, तर भांड्याच्या पोटांत बसतो. त्यामुळें धुरांड्यावाटे वर जाणारी उष्णताही जातां जातां पाण्यास मिळते. आगगाडीच्या इंजिनांतील बाष्पपात्राचें तत्त्व याहून निराळें नव्हतें. कांहीं बंबांत एका बाजूनें गार पाणी ओतलें कीं दुसऱ्या तोटींतून तितकेंच ऊन पाणी बाहेर पडे, आणि हीच युक्ति आजच्या विजेच्या गीझरमध्यें आहे. उलट, उघड्या चुलीवर हंडा ठेवून पाणी तापवितांना लांकडांतील उष्णतेचा सुमारें दहावा हिस्सा पाण्यास मिळतो आणि बाकीची हवेंत व भिंतींत जाते. वरील कुटुंबाच्या आंघोळीस अशा चुलीवर रोज सहा-सात किलो लांकूड लागेल. त्यामागचा धूर आणि तो गिळणाऱ्या बायकांचे डोळे यांचा हिशेब तर निराळाच.

‘गीझर’ हा शब्द आइसलंडमधील एका ऊन पाण्याच्या कारंज्याच्या नांवावरून आला. १८६८ सालीं लंडन येथें बेंजामिन मॉघन या रंगाऱ्यानें गॅसवर चालणारें यंत्र काढलें, आणि त्यास हें नांव दिलें. त्यास धूर बाहेर नेणारी नळीच नव्हती. जळलेला वायु न्हाणीघरांतच राही. १८८९ मध्यें एडविन रूड या अमेरिकेंत स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन यंत्रज्ञानें आपोआप चालू-बंद होणारें, पाणी सांठविणारें यंत्र सिद्ध केलें. मॉघनच्या यंत्रांतील उणीव मात्र दीडशें वर्षांनंतरही अनेक न्हाणीघरांतून कायम आहे. तिचा विचार पुढें यावयाचाच आहे.

आज शहरांतील बहुतेक घरांत विजेचा सांठवणीचा गीझर असतो. त्यांतील तापतें वेटोळें पाण्यांतच बुडालेलें असल्यामुळें त्यानें घेतलेली जवळजवळ सर्व वीज पाण्यास मिळते. तेव्हां ‘आमच्या गीझरचें वेटोळें कमी वीज खातें’ असें कोणी म्हणूं लागल्यास त्याकडे दुर्लक्ष करावें. दोन किलोवॅटचा गीझर आणि तीन किलोवॅटचा गीझर यांत तेंच पाणी तापविण्यास सारखीच वीज लागते, फरक वेळाचा. २५ लिटर पाणी १५ अंशांपासून ६० अंशांपर्यंत नेण्यास सुमारें १.३ युनिटें लागतात. दोन किलोवॅटच्या गीझरला त्यास चाळीस मिनिटें लागतात, तर तीन किलोवॅटच्यास सव्वीस. आणि त्या ६० अंशांच्या २५ लिटरांत गार पाणी मिसळून ४० अंशांचें केलें तर ४५ लिटर, म्हणजे दोन बादल्यांहून थोडें अधिक, पाणी होतें. पहिल्या आंघोळीस तिसऱ्या माणसावर गार पाण्याची पाळी कां येते, त्याचें उत्तर एवढेंच आहे.

गीझरमधील खरी गळती उभ्या उभ्या होते. टाकी कितीही जाड आवरणांत गुंडाळली तरी आंतील उष्णता हळूहळू बाहेर झिरपते, आणि गीझर चालू असेल तर ती भरून काढण्यास वेटोळें पुन्हां पुन्हां पेटतें. सरकारच्या ऊर्जा दक्षता विभागाचें जें तारांकित पत्रक गीझरवर चिकटविलेलें असतें, त्यावरील तारे याच गळतीचे आहेत. आंतील पाणी बाहेरच्या हवेहून ४५ अंश अधिक ऊन असतां चोवीस तासांत किती युनिटें वांया जातात, तें त्यावर छापलेलें असतें. तारे जितके अधिक तितकी गळती कमी. परंतु ज्या घरांत गीझर सकाळीं पाऊण तास लावून बंद करतात, तेथें ही गळती मुळांतच अल्प असते, आणि पांच तारे व तीन तारे यांतील फरक बिलावर फारसा दिसत नाहीं. ज्या घरांत तो दिवसरात्र चालू असतो तेथें मात्र अधिक ताऱ्यांचा गीझर घेणें खासच लाभाचें आहे. तसेंच बटण बंद करण्याची संवय लावणें. आणि तिला कांहींच पैसे पडत नाहींत.

कित्येक शहाणी माणसें सांगतात कीं गीझर सतत चालू ठेवलेलाच परवडतो, कारण गार झालेलें पाणी पुन्हां तापविण्यास जास्त वीज लागते. हा समज चुकीचा आहे. पाणी जितकें अधिक ऊन तितकी त्यांतून उष्णता अधिक वेगानें निसटते. गीझर बंद ठेवल्यास पाणी गार होत जातें तसतशी गळतीही कमी होत जाते. चालू ठेवल्यास ती सर्वकाळ कमाल वेगानें चालते. जो मनुष्य फुटक्या हौदांत पाणी सतत पडूं देतो, त्याच्यापेक्षां गरजेपुरतें भरणाऱ्याचें पाणी कमी जातें.

काटकसरीचा अतिरेक करून गीझरचें उष्णतामान ४० अंशांवर ठेवणें मात्र हितावह नाहीं. २५ ते ४५ अंशांच्या सांठविलेल्या पाण्यांत लीजिओनेला नांवाचे जंतु वाढतात. १९७६ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें माजी सैनिकांच्या एका मेळाव्यानंतर न्यूमोनियाची सांथ आली, तीवरून या जंतूंस हें नांव मिळालें. सांठ्याचें पाणी ६० अंशांपर्यंत तापवावें म्हणजे ते टिकत नाहींत. पण ६० अंशांचें पाणी अंगावर पडल्यास कांहीं सेकंदांत कातडी भाजते, म्हणून लहान मुलें आणि म्हातारीं माणसें असलेल्या घरांत बादलींत आधीं गार पाणी घ्यावें आणि मग ऊन. ही जुनी रीत आजीबाईंनीं घालून दिलेली आहे, आणि ती अगदीं शास्त्रशुद्ध आहे. बादलींत सोडावयाच्या विजेच्या सळईविषयीं एकच वाक्य पुरे: ती चालू असतां पाण्यांत बोट घालून ‘तापलें का’ पाहणाऱ्यांपैकीं कांहींनीं पुन्हां दुसरें कांहीं पाहिलेलें नाहीं.

आतां गॅसचा गीझर. हिशेबाच्या दृष्टीनें तो वाईट नाहीं. स्वयंपाकाच्या गॅसच्या एका किलोंत सुमारें ११,००० किलोकॅलरी असतात. त्यांतील शेंकडा ८० पाण्यास मिळतात असें धरल्यास वरील कुटुंबाच्या हिवाळ्यांतील आंघोळीस रोज सुमारें २८५ ग्रॅम गॅस लागतो. १४.२ किलोंचें सिलिंडर या एका कामास पन्नास दिवस पुरेल. सिलिंडरच्या चालू किमतीस ५० नें भागावें, म्हणजे रोजचा खर्च निघतो, आणि २.९ युनिटांच्या किमतीशीं ताडून पाहतां येतो. पाणी सांठवावयाचें नसल्यामुळें उभी गळतीही नाहीं. एवढ्यावरून पुष्कळ लोक तो घेतात, आणि जेथें नळजोडणी सोपी पडते तेथें, म्हणजे न्हाणीघराच्या आंत, लावून टाकतात.

येथें पुन्हां गणित करावें लागतें, आणि हें गणित प्रत्येक कर्त्या माणसानें स्वतः करून पाहावें असें आहे. मिनिटास सहा लिटर पाणी २५ अंशांनीं तापविणारा गीझर मिनिटास सुमारें १७ ग्रॅम गॅस जाळतो. एक किलो गॅस पूर्ण जळण्यास १५ किलोंहून अधिक हवा लागते. म्हणजे त्या गीझरला दर मिनिटास सव्वादोनशें लिटर हवा हवी. दीड मीटर रुंद, दोन मीटर लांब आणि अडीच मीटर उंच न्हाणीघरांत एकंदर हवा साडेसात हजार लिटर. दार लावलेलें, थंडी म्हणून खिडकीही लावलेली. दहा मिनिटांत त्या खोलींतील हवेच्या तीन दशांश भागांतील प्राणवायु संपतो. प्राणवायु कमी झाला कीं ज्योत निळी राहत नाहीं, पिवळट होते, आणि गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड वायु तयार होऊं लागतो.

या वायूस वास नाहीं, रंग नाहीं, आणि त्यानें ठसकाही लागत नाहीं. सिलिंडरच्या गॅसला जो उग्र वास असतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो. जळतांना तोही नाहींसा होतो. रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां या वायूस दोनशें पटींहून अधिक आसक्तीनें धरून ठेवतें. आरंभीं डोकें जड होतें, मळमळतें, पाय लटपटतात. आंघोळ करणाऱ्यास वाटतें पित्त झालें असेल किंवा ऊन पाण्यानें घेरी आली असेल. कडी काढावयास उठावें तों पायांत त्राण उरत नाहीं. हिवाळ्यांत दर वर्षीं वर्तमानपत्रांतून अशा मृत्यूंच्या बातम्या येतात, आणि त्यांत तरुण, निरोगी माणसें असतात. बाहेरच्यांस संशय येईपर्यंत अर्धा तास गेलेला असतो, कारण घरांतील सून किंवा मुलगा आंघोळीस जास्त वेळ लावतो ही तक्रार रोजचीच असते.

म्हणून गॅसचा गीझर न्हाणीघराच्या आंत नसावा. तो बाहेर, मोकळ्या हवेच्या बाजूस, सज्ज्यांत किंवा उघड्या पॅसेजमध्यें असावा, आणि आंत फक्त ऊन पाण्याची नळी यावी. आधींच आंत बसविलेला असेल तर तो हलविण्यास येणारा प्लंबरचा खर्च हा या लेखांतील सर्वांत सत्कारणीं लागणारा खर्च आहे. तोंवर बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, खोलींतील हवा जाऊं द्यावी, आणि मगच आंघोळीस बसावें. कोणाची शुद्ध हरपलेली आढळल्यास दार उघडून त्यास आधीं मोकळ्या हवेंत आणावें, गॅस बंद करावा, आणि तत्काळ रुग्णालयांत न्यावें. शुद्धीवर आलें म्हणून घरीं निजवून ठेवूं नये.

सूर्याची उष्णता पकडण्याचा विचार नवा नाहीं. १७६७ सालीं स्वित्झर्लंडमधील द सोस्यूर या शास्त्रज्ञानें कांचेच्या झांकणांची एक पेटी करून उन्हांत ठेवली, तेव्हां आंतील उष्णतामान उकळत्या पाण्याच्याही पुढें गेलें. १८९१ मध्यें बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केंप यानें अशा पेटींत पाण्याच्या काळ्या टाक्या ठेवून त्याचें स्वामित्वपत्र घेतलें. परंतु त्याचें पाणी दिवसा तापे आणि रात्रीं त्याच कांचेंतून निवून जाई. सकाळच्या आंघोळीस तें निरुपयोगी. १९०९ सालीं कॅलिफोर्नियांत विल्यम बेली यानें तापण्याची जागा आणि सांठविण्याची जागा वेगळ्या केल्या. उन्हांत नळ्या, आणि त्यांच्या वर आवरणांत गुंडाळलेली टाकी. त्या यंत्राचें नांवच त्यानें ‘दिवस आणि रात्र’ असें ठेविलें. पुण्या-मुंबईच्या गच्च्यांवर दिसणारा सौर बंब हा बेलीचाच वंशज होय. इस्रायलमध्यें १९८० सालीं नव्या घरांस असे बंब बसविणें कायद्यानें सक्तीचें झालें.

त्यास पंप लागत नाहीं. ऊन पाणी हलकें असतें. २० अंशांचें एक लिटर पाणी ९९८ ग्रॅम भरतें, तर ६० अंशांचें ९८३. हा पंधरा ग्रॅमचा फरक पुरेसा होतो; तापलेलें पाणी नळ्यांतून वर टाकींत चढतें आणि टाकीच्या तळचें गार पाणी त्याची जागा घ्यावयास खालीं उतरतें. ऊन असेपर्यंत हें चक्र चालतें. टाकी नळ्यांच्या वर असावी ती याचसाठीं. खालीं ठेवल्यास रात्रीं चक्र उलटें फिरून टाकींतील उष्णता आकाशास दान होईल.

हल्लीं कांचेच्या दुहेरी नळ्यांचे बंब अधिक दिसतात. दोन कांचांमधील हवा काढून टाकलेली असते. १८९२ मध्यें डेवार यानें काढलेल्या ज्या बाटलीस सर्वजण थर्मास म्हणून ओळखतात, तिचीच ही लांब बहीण. आंतल्या कांचेवरील काळा लेप ऊन आंत घेतो आणि निर्वात पोकळी उष्णता बाहेर पडूं देत नाहीं. त्या स्वस्त असतात, क्षारयुक्त पाणी बऱ्यापैकीं सोसतात, पण क्रिकेटच्या चेंडूनें फुटतात. तांब्याच्या सपाट पत्र्याचा बंब महाग पण दणकट. मात्र बोअरच्या जड पाण्यानें त्याच्या बारीक नळ्या चोंदतात. बोअरचें पाणी असलेल्या सोसायटीनें हें आधींच लक्षांत घ्यावें. बंबाचें तोंड दक्षिणेस असावें. पुणें साडेअठरा अंश अक्षांशावर आहे. बंबाचा उतार त्याहून दहा-पंधरा अंश अधिक ठेवल्यास हिवाळ्यांतील तिरपें ऊन, म्हणजे जेव्हां त्याची खरी गरज तेव्हांचें, त्यावर सरळ पडतें.

विक्रेते सांगतात कीं १०० लिटरचा बंब वर्षास चौदा-पंधराशें युनिटें वांचवितो. हा आंकडा खोटा नाहीं, पण पुरताही नाहीं. १०० लिटर पाणी २० पासून ६० अंशांपर्यंत नेण्यास ४.६५ युनिटें; तीनशें उन्हाच्या दिवसांचीं झालीं सुमारें चौदाशें. परंतु हीं युनिटें तेव्हांच वांचतात, जेव्हां तें सर्व पाणी रोज वापरलें जातें. वरील कुटुंबास वर्षभराची सरासरी पाहतां, गीझरच्या गळतीसह, दिवसास अडीच युनिटांच्या आसपास वीज लागते. पावसाळा आणि ढगाळ दिवस वगळून २७० दिवस धरल्यास पावणेसातशें युनिटें होतात. दर युनिटास १० रुपये धरला तर बचत पावणेसात हजारांची. बंबास नळजोडणीसह ३०,००० रुपये पडले तर ते साडेचार वर्षांत फिटतात, दोन वर्षांत नव्हेत. बंब पंधरा वर्षें टिकतो, तेव्हां हाही सौदा चांगलाच आहे. विक्रेत्यानें त्यास फुगवून सांगण्याचें कारण नव्हतें. महाराष्ट्रांत विजेचा दर वापराच्या टप्प्यांनुसार चढत जातो आणि वांचलेलीं युनिटें वरच्या, महागड्या टप्प्यांतून कमी होतात, म्हणून अधिक वीज वापरणाऱ्या घरास ही बचत अधिक जाणवते. कांहीं महापालिका मिळकतकरांतही सूट देतात. ती मागून घ्यावी.

सौर बंबाविरुद्ध जी तक्रार सर्वांत अधिक ऐकूं येते ती बंबाची नसून नळीची असते. गच्चीपासून खालच्या मजल्यावरील न्हाणीघरापर्यंत २० मीटर नळी आहे असें समजावें. ती १५ मिलिमीटर पोकळीची असेल तर तींत साडेतीन लिटर गार पाणी उभें असतें. २५ मिलिमीटरची असेल तर जवळजवळ दहा लिटर. रोज सकाळीं प्रत्येक नळास एवढें पाणी गटारांत सोडल्यावर ऊन पाणी येतें, आणि सोडलेल्या पाण्याच्या जागीं आलेलें ऊन पाणी आंघोळ संपतांच नळींत निवून जातें. म्हणजे पाणीही गेलें आणि उष्णताही. नळी जाड घेतली कीं काम चांगलें, ही समजूत येथें उपयोगी नाहीं. नळी शक्य तितकी आंखूड, बेताच्या पोकळीची आणि संपूर्ण लांबीभर आवरणांत गुंडाळलेली असावी. उंच इमारतींतून लहान पंपानें ऊन पाणी नळींत फिरतें ठेवतात. तो पंप सकाळच्या दोन तासांपुरताच चालावा, नाहीं तर साऱ्या इमारतीच्या भिंती तापविण्याचा मक्ता घेतल्यासारखें होतें.

दुसरी चूक पावसाळ्याच्या सोयीची. बंबाच्या टाकींतच विजेचें वेटोळें बसवून घेतात आणि तें आपोआप चालूं देतात. मग संध्याकाळीं पाणी थोडें निवलें कीं वेटोळें पेटतें, दोनशें लिटर पाणी रात्रभर ऊन ठेवतें, आणि सकाळीं सूर्य उगवून पाहतो तों त्यास करावयास कांहीं कामच उरलेलें नसतें. बिल कमी कां होत नाहीं याचा शोध घेणाऱ्यांस हें वेटोळें बहुधा शेवटीं सांपडतें. त्यापेक्षां बंबाचें पाणी न्हाणीघरांतील जुन्या लहान गीझरमधून न्यावें. मात्र त्या गीझरमध्यें ऊन पाणी सोडलेलें चालतें ना, हें त्याच्या माहितीपत्रकांत पाहून घ्यावें. ऊन असेल त्या दिवशीं गीझर बंदच राहतो. श्रावणांत पाणी कोमट आलें तर उरलेले दहा-पंधरा अंश तो भरून काढतो.

ज्यांस गच्चीवर हक्क नाहीं किंवा ज्यांची गच्ची भरून गेलेली आहे, त्यांच्यासाठीं तिसरें साधन हीट पंपाचें. घरांतील फ्रिजच्या पाठीस हात लावला तर ती ऊन लागते. ती उष्णता आंतल्या भाजीपाल्यांतून उपसून बाहेर टाकलेली असते. हाच फ्रिज उलटा वापरला, म्हणजे बाहेरच्या हवेंतील उष्णता उपसून पाण्यांत टाकली, कीं झाला हीट पंप. ही कल्पना लॉर्ड केल्विन यानें १८५२ मध्येंच मांडली होती, आणि १९३८ सालीं झुरिक शहराच्या नगरभवनांत नदीच्या पाण्यांतून उष्णता घेणारा पंप बसविण्यांत आला. एक युनिट वीज घेऊन तो तीन युनिटांची उष्णता देतो. यांत चमत्कार नाहीं, कारण दोन युनिटें हवेची असतात. कोळशाच्या वीजकेंद्रांत कोळशांतील उष्णतेचा सुमारें एक-तृतीयांश भागच वीज होऊन बाहेर पडतो. त्या विजेनें साध्या गीझरमध्यें पाणी तापविणें म्हणजे तीन भाग उष्णता देऊन एक भाग परत घेणें होय. हीट पंप ती तूट भरून काढतो.

वरील कुटुंबाचीं २.९ युनिटें त्यावर एका युनिटावर येतात. पावसाळ्यांतही तो चालतो. पण किंमत साध्या गीझरच्या कित्येक पट असते, पाणी सावकाश तापतें, फ्रिजसारखा आवाज येतो, आणि त्यास मोकळी हवा लागते. पांच माणसांच्या घरास तो सौर बंबाइतकीच बचत देतो. वसतिगृह, रुग्णालय किंवा मोठी सोसायटी यांस मात्र फार सोयीचा पडतो. तो दुपारीं चालवावा, कारण हवा जितकी ऊन तितका उपसा सोपा.

२०२४ सालीं केंद्र सरकारनें सूर्य घर योजना सुरू केल्यापासून गच्चीवर विजेचे सौर पत्रे बसविण्याकडे कल वाढला आहे, आणि बंब काढून तेथें पत्रे लावावे काय असा प्रश्न घरोघर निघतो. सौर बंब अंगावर पडणाऱ्या उन्हाचा निम्मा किंवा थोडा अधिक भाग पाण्यास देतो. पत्रा सुमारें पंचमांशाची वीज करतो. पण त्या विजेवर हीट पंप चालविला तर तिप्पट होऊन पाण्यास मिळणारी उष्णता बंबाइतकीच भरते. आणि ज्या दिवशीं ऊन पाणी नको त्या दिवशीं ती वीज दिव्यांस उपयोगी पडते. म्हणून चालूं असलेला बंब काढूं नये. नवें घर बांधणाऱ्यानें मात्र दोन्हींचा विचार करावा. नुसते पत्रे लावून साध्या गीझरनें पाणी तापविणें हें या सर्वांत जागेच्या दृष्टीनें महाग.

राहिला प्रश्न पहिल्या आंघोळीचा. आश्विनांत पाऊस बहुधा उघडलेला असतो आणि ऊन स्वच्छ असतें. आदल्या संध्याकाळपर्यंत टाकी पुरी तापते, आणि चांगल्या आवरणाच्या टाकींतील पाणी पहांटेपर्यंत थोडेच अंश उतरतें. मात्र आदल्या रात्रीं भांडीं आणि कपडे यांसाठीं ऊन पाणी सोडूं नये, कारण तें भरून काढावयास रात्रीं सूर्य नसतो. पांच मंडळींस लागणाऱ्या ४० अंशांच्या १०० लिटरांसाठीं ६० अंशांचें पाणी ५५ लिटरांच्या आंत पुरतें, तेव्हां १०० लिटरच्या टाकींत दोन-तीन पाहुणेही सामावतात. एकाच नळीवर दोन न्हाणीघरें असतील तर बंबाजवळच्या मंडळींनीं आधीं आंघोळ आटपावी, आणि दूरच्या न्हाणीघरांतील पहिल्या बादलींत येणारें नळींतील गार पाणी ओतून न देतां अंगणांतल्या तुळशीस किंवा रांगोळीची जागा सारवावयास ठेवावें.